युमाच्या राउटरला मास्क शिकवताना

१२ जानेवारी, सोमवार
युमाच्या कोल्ड स्टोरेजमधला जुना राउटर शुक्रवारपर्यंत आमच्या चँडलर ऑफिसच्या नव्या नेटवर्कला जोडायचा. तिथल्या लेट्यूसचं तापमान इथे दिसायला हवं. राउटर क्लासफुल. म्हणजे पत्ता सांगतो, पण तो एका खोलीचा की अख्ख्या सोसायटीचा, हे सांगणारा मास्क पाठवत नाही. नवं नेटवर्क मास्कशिवाय बोलत नाही. आमची मॅनेजर आसावरी म्हणाली, "परीक्षित, साधं ठेव." शिवाय लीडची जागा रिकामी आहे, असंही म्हणाली. उगाच कोण म्हणतं?

१३ जानेवारी
प्लॅन चौदा पानी झाला. जुन्या आणि नव्या नेटवर्कचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलायचे नियम, एकमेकांना सगळे रस्ते सांगणार. नीलांबरीने विचारलं, युमावाल्यांना फक्त तापमानच पाठवायचंय ना? बायकोला नेटवर्किंग समजावणं सोडून दिलंय.

१४ जानेवारी
लॅबमध्ये टेस्ट शंभर टक्के यशस्वी. दोन्ही राउटर नवे होते, पण तत्त्व तेच.

१५ जानेवारी, सकाळी १०.४०
आज लाइव्ह. बदल फसला तर राउटर आपोआप पूर्ववत व्हावा म्हणून टायमर लावतात. लावला नाही. तो आत्मविश्वास नसलेल्यांसाठी.

१०.५५
जुन्या राउटरने जाहीर केलं, दहाने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे चँडलरचेही, माझेच. नव्या नेटवर्कने विश्वास ठेवला. चँडलरची प्रिंटआउट्स युमाकडे निघाली. माझं रिमोट कनेक्शनसुद्धा. आता मी राउटरपर्यंत पोचू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या रोचक.

दुपारी १
युमाच्या वेअरहाउस मॅनेजर डेबीचा फोन. तिच्या स्क्रीनवरचंही तापमान गेलंय, म्हणून दर अर्ध्या तासाला ती स्वतः कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन थर्मामीटर वाचतेय. तिने विचारलं, "आर यू द एक्स्पर्ट?" हो म्हणालो. तिने लगेच फोन ठेवला. भारावली असावी.

१६ जानेवारी, शुक्रवार
तीन तास ड्राइव्ह करून युमा. डेबी जाड जॅकेटमध्ये, नाक लाल. राउटरला लॅपटॉप जोडला आणि आसावरीला फोन लावला, प्लॅनचं नववं पान उघड म्हणालो. ती म्हणाली, "पान मिट रे बाबा. सगळं पुसून टाक. जुन्याला एकच रस्ता लिही, जे माहीत नाही ते चँडलरला पाठव. युमाचा रस्ता इकडे मी हाताने लिहिते." चार मिनिटांत तापमान दिसलं. चौतीस फॅरनहाइट. लेट्यूस वाचलं. माझ्या चौदा पानांचा सारांश तिने अचूक काढला.

२० जानेवारी, मंगळवार
आसावरीने केबिनमध्ये बोलावलं. नेटवर्क लीड झाली आमच्यातलीच वल्लरी. मलाही लीड केलंय, जुन्या यंत्रणेचा. टीममध्ये दोघं, मी आणि युमाचा राउटर. तो मार्चमध्ये भंगारात जाणार.
नीलांबरीला फक्त 'लीड केलंय' एवढंच सांगितलं.