सातव्या नावावरची रेघ

१२ सप्टेंबर १९६१
पोहोचलो एकदाचा विदर्स बेला! सरकारच्या उत्तर ध्रुवाकडच्या खात्यात सोळा वर्षं खर्डेघाशी केल्यावर हा लॉर्न मॅकइव्हर आज स्वतः इथला साहेब झाला. तीन खोल्यांचं लाकडी घर, शेगडी उत्तम. दुभाषी लीतियाबाई पन्नाशीच्या, या बर्फाळ मुलखातल्याच इनुइट जमातीच्या. हात मिळवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, कसले गार हात हो तुमचे! आमचे मासे बरे." मग तव्यावरची जाड रोटी आणि चहा दिला. मी रोटी दोनदा मागून घेतली.

१४ सप्टेंबर
रोज सकाळी नऊला रेडिओवरून साऱ्या वस्त्यांना हाक मारायची. माणसं किती, तब्येती कशा, ते वहीत लिहायचं. इनुइटांची भाषा मला कामापुरती येते. यादीत सात नावं आहेत. सातव्यावर, हॉर्न पॉइंटवर, शाईची रेघ. वस्ती उठली म्हणून सांगून बाईंनी विषय बदलला.

३ ऑक्टोबर
सवयीचा गुलाम मी. यादी वाचता वाचता रेघेवरूनही पुढे गेलो आणि हॉर्न पॉइंटला हाक मारली. उत्तर आलं. पुरुषाचा शांत आवाज. एकतीस जण, सगळे ठीक, बोट कधी येणार? कळवतो म्हणालो आणि वहीत एकतीस लिहिले. बाईंच्या हातून किटली पडली. तिथे सहा वर्षांत कोणी नाही, त्या म्हणाल्या. पंचावन्नच्या हिवाळ्यात सगळे उपाशी मेले. त्यांत बाईंची मावशी होती.

५ ऑक्टोबर
कपाटात फाइल सापडली. बावन्न साली त्या लोकांना तिकडे हलवायचा आदेश मीच टाइप केलेला. शिकार भरपूर आहे, करमलं नाही तर दोन वर्षांनी बोट परत आणेल, असं त्यात वचन. चोपन्नमध्ये त्यांचा अर्ज आला होता, बोट पाठवा म्हणून. त्यावर माझी सही आणि शेरा: वाट पाहावी. त्याच महिन्यात मला बढती मिळाली.
हे मी पार विसरलो होतो. आता आठवलं, तरी काही वाटलं नाही. जेवलो. झोपही लागली.

९ ऑक्टोबर
रोज तेच. एकतीस, ठीक, बोट कधी. मागे कुणीतरी खोकतं. ती मावशी, असं बाई म्हणतात. आज त्या समोर येऊन बसल्या. "साहेब, खरं सांगून टाका त्यांना. बोट येणार नाही, चूक माझी, एवढंच. पण तुमच्या तोंडानं. म्हणजे वाट बघणं सोडून उठतील बिचारी तिथून." उद्या सांगतो, असं मी कबूल केलं.

१० ऑक्टोबर
बटण दाबलं. शब्द ओठांवर होते. बाहेर पडलं ते, अर्ज विचाराधीन आहे. बाई उठून किटली घासायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या बोटांची टोकं पांढरी पडलीत. शेगडी पेटलेलीच आहे.

२ नोव्हेंबर
बाई भावाच्या कुत्र्यांच्या स्लेजगाडीवरून निघून गेल्या. "एवढा एक शब्द तुमच्याच्यानं निघेना ना!" म्हणाल्या. हात मिळवला नाही.
हॉर्न पॉइंटने आज कळवलं, तुमच्यासाठी जागा करून ठेवलीय. मी आभार मानले.

९ नोव्हेंबर
सूर्य उगवेनासा झालाय. हात मनगटापर्यंत बधिर. सुई टोचली— काही नाही. रक्तही नाही. खोकला सुरू झालाय.

१४ नोव्हेंबर
आज बत्तीस. नवीन कोण, विचारलं. तिकडे सगळे हसले. आजवर कधी हसले नव्हते—

१५ नोव्हेंबर
आज सांगणारच. कागदावर लिहून समोर ठेवलंय. बोट येणार नाही. चूक माझी.
नऊ वाजले. हाक मारली.
उत्तर आलं— तो आवाज नाही. माझा. माझाच, खोकत— बत्तीस जण, सगळे ठीक, बोट कधी—
बटण दाबलंय. नुसतं वाचायचंय. तोंड उघडत नाही. हात मात्र चाललाय, मला न विचारता— वाट पाहावी. वाट पाहावी. वाट पा