मुलासाठी डॉट इन

आई, तू गेलीस तेव्हा तुझा नातू शाळेत होता. आता तो कुठं आहे ते मला माहीत नाही. बारावीला नापास झाला आणि निकालाच्या दुपारीच घरातून निघून गेला. पोलिसांत तक्रार दिली, बसस्टँडवर फोटो दाखवत फिरलो. पुढं माझी वाळूजच्या कारखान्यातली नोकरी गेली. फोन नंबर कारखान्यानं दिलेला होता, तोही गेला. भाड्याची खोली मालकानं पाडायला काढली. गावात तर आपलं कुणी उरलंच नाही. पोराला परत यावंसं वाटलं तरी त्यानं यायचं कुठं?

मला पाचोडचा बाजार आठवतो. तुझा हात सुटतो, मी रडत पार बैलबाजारापर्यंत पळतो, आणि तू मिरच्यांच्या ढिगाजवळून हलत नाहीस. कुणीतरी मला आणून सोडलं तेव्हा आधी पाठीत धपाटा बसला. "हरवल्यावर पळतंय व्हय? मी हितंच उभी हाय ना!" मग पदरानं तोंड पुसलंस.

मलाही असंच कुठंतरी उभं राहायचं होतं. शहागंजात एका बाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं मी आणि तुझी सून गेलो. माझ्या नावाची वेबसाइट करायची, त्यावर नवा पत्ता आणि नंबर टाकायचा. तो कधीतरी माझं नाव शोधेल आणि हे त्याला सापडेल. बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्यानं घेतलंय." उघडून दाखवलं तर कोट घातलेला कुणी भलताच माणूस हसत होता. पोरानं तेच उघडलं तर? बाईंनी दुसरं सुचवलं, "डॉट इन मिळेल. नाहीतर मराठी अक्षरांत डॉट भारत. मुलगा काय टाइप करील?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला ते सांगता येईना. सूनच तुझी बोलली, "फोनवर मराठी लिहायचा ते इंग्रजी अक्षरांतच. जेवायला थांबू नका, एवढं सुद्धा." मग डॉट इन घेतलं. साइटवर पत्त्याखाली लिहिलं, "निकालाचं नाव कुणी काढणार नाही. घरी ये."

साइट किती जणांनी उघडली ते बाईंनी मला बघायला शिकवलंय. तुझी सून रोज ताट वाढताना विचारते, "आज पाह्यली का कुणी?" मी म्हणतो, "व्हय, एकानं." तेव्हा कुठं ती घास घेते. हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच सांगतो आई, तो एक मीच असतो.