बारशाआधीचा पाळणा

आत्याबाई,

बजरंगदादा न्यायला आलाय. त्याच्यासोबत जळकोटला माहेरी चाललेय. रागावून नाही. तुम्ही देवळातून यायच्या आधीच निघतेय, कारण तुमचं तोंड पाहिलं की माझा पाय उंबऱ्यातच अडकेल. भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. बीपीची गोळी आठवणीनं घ्या, यांच्या भरवशावर राहू नका. त्यांना स्वतःच्याच जेवणाची शुद्ध नाही.

एक गोष्ट तोंडानं सांगणं जमलं नाही. शेजारच्या कस्तुराबाई म्हणून गेल्या, बारशाआधीच पाळणा गायला म्हणून बाळ गेलं. तेव्हापासून तुमचं गुणगुणणंही बंद आहे. त्या बाईला काय कळतंय! दिवेलागणीला तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवून गायच्या, तेव्हा कुठं माझा जीव थाऱ्यावर यायचा, झोप लागायची. बाळ लई फिरायचं. तुम्ही थांबलात की लाथ मारायचं. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या होत्या, गात राहा, दोघांनाही चांगलं आहे. पोटातच त्याचे ठोके थांबलेत हे कळल्यावरही कळा सोसायच्याच होत्या. तेव्हा मी तुमचीच चाल मनात धरून होते. नाहीतर माझी सुटका झाली नसती.

बाळासाठी बांधलेली झोळी सोडून ठेवा, मला बघवत नाही. पण गाणं सोडू नका.

आपलं बाळ एकदाही रडलं नाही, आत्याबाई. त्याच्या वाट्याला जेवढा जन्म आला, तेवढ्यात त्यानं गाणंच ऐकलं. तुमचं.

तनुजा