फ्लंक झाल्याबद्दल अभिनंदन

१० मार्च, यवतमाळ
क्लार्कच्या परीक्षेचा निकाल मोबाईलवर आला. इंग्रजीत बावीस. तिसऱ्यांदा. म्हणजे शिपायाचं स्टूल अजून माझंच. पेपर काढणाऱ्यालाच इंग्रजी येत नसावं.
डिक्शनरी पाहिली. फेल होण्याला फ्लंक पण म्हणतात. फेल शब्द फार गावठी. यापुढे बंद.

११ मार्च
ऑफिसात रामलालबाबूने निकाल विचारला. खरं तेच सांगितलं, फ्लंक झालो. त्याने हात मिळवला, पेढे मागितले. त्याची व्होकॅब्युलरी कच्ची, त्याला मी काय करू? पेढे आणले. उद्या नीट अर्थ सांगणार.

१३ मार्च
रामलालने माझ्या सासऱ्यांना राळेगावला फोन केला. कोणी सांगितलं होतं? सासरे हरिसिंग, वीस वर्षांत पहिल्यांदा मला जावईबापू म्हणाले. सोमवारी सत्कार ठेवला आहे.
बायको सुखी म्हणाली, "म्या पाह्यला तो शब्द. बाबाले काहून सांगत नाही तुम्ही?"
बाई समजून घेत नाही. त्यांना बीपी आहे. योग्य वेळ पाहून राह्यलो.

१६ मार्च, राळेगाव
सुट्टी टाकून गेलो. एसटी एक तास लेट. स्टँडसमोर बॅनर: 'धनसिंग राठोड यांचे क्लार्क परीक्षेत फ्लंक झाल्याबद्दल अभिनंदन.' फोटो दहा वर्षांपूर्वीचा. निदान विचारायचं तरी.
भाषणात सगळं सांगणारच होतो. पण सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने फेटा बांधला अन् त्यांचे डोळे भरले. मी पोरांना म्हटलं, मेहनत करा, तुम्हीही फ्लंक व्हाल. टाळ्या खूप. सुखी खाली पाहत होती.

१७ मार्च
नापास झालेल्यांची फेरपरीक्षा निघाली. फॉर्म रामलालच्या टेबलावरून कालच गेले. शेवटची तारीख होती.
रामलालला विचारलं, मला फोन काहून नाही केला? तो म्हणाला, "तुले कायले करू? तू तं फ्लंक झाला."
मग त्याला अर्थ सांगितला. मराठीत. तो हळूच म्हणाला, साहेबांचा चहा राह्यला आहे.