जिन्याखालचं पिल्लू आणि फाटकावरची पाटी

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींची सर्दी गेली असेलच. इकडे सगळे मजेत आहेत, एक मीटरवाला सोडून.

झालं असं, की तळमजल्यावरच्या आपल्या भाडेकरू शिंप्याने कुत्रा पाळला आहे. नाव पिल्लू. (नाव ठेवलं तेव्हा ते पिल्लूच होतं, आता उभं राहिलं की शिंप्याच्या दोन्ही खांद्यांवर पंजे ठेवतं.) मंगळवारी मीटरवाला जिन्याखाली वाकून आकडे लिहीत होता आणि पिल्लूने त्याला मागून धरलं. सात टाके पडले. बिचारा आठवडाभर पालथा झोपतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्याने दावा ठोकला तो शिंप्यावर नाही, घरमालकावर.

मी जराही डगमगलो नाही, थेट वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, कुत्रा भाडेकरूचा असेल तर घरमालक सहसा सुटतो, फक्त कुत्रा चावरा आहे हे त्याला ठाऊक नसावं. मी ठणकावून सांगितलं, ठाऊक नसायला मी काय डोळे मिटून बसलो होतो? पिल्लूने माझे दोन पायजमे फाडल्यावर मी स्वतः फाटकावर पाटी रंगवून लावली: ‘कुत्रा चावतो. हुकमावरून, घरमालक.’ वकिलांनी चष्मा काढून ठेवला. मग विचारलं, जिना कोणाच्या ताब्यात? म्हटलं, आपल्याच, पिल्लूला बांधायची कडीसुद्धा मीच तिथे ठोकून दिली (तेव्हापासून जिन्यावरच्या चपला चोरीला जात नाहीत). कुत्रा काढायला सांगता आलं असतं का? म्हटलं, केव्हाही, करारात तसं कलमच आहे. इतकी चोख उत्तरं ऐकून त्यांनी मला चक्क हात जोडले. माणूस भारावून गेला असावा.

तेव्हा काळजी नसावी. माझ्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. धक्का का लागणार नाही, ते लिहायचं राहिलं. बाबांनी घर तुमच्या नावावर केलं ते अजून तसंच आहे. पाटीवरही मोठ्यांचा मान म्हणून खाली तुमचंच पूर्ण नाव घातलंय. सोमवारी अकरा वाजता कोर्टात या. तिसरा मजला आहे, लिफ्ट बंद असते.

आणखी एक. तुमचं नाव जरा पुसट झालं होतं, म्हणून काल रंगाचा डबा घेऊन फाटकापाशी वाकलो. पिल्लू मोकळं होतं (परवानगी माझीच). हे पत्र मी पालथा पडून लिहितोय. वकील म्हणतात, आता मलाही तुमच्यावर दावा लावता येईल. पण मी धाकटा भाऊ आहे, तसं करणार नाही. तुम्ही सोमवारी आलात तर.