आठ दिवसांच्या न वाचलेल्या फायली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, दिवंगत मंत्रिमहोदयांची पत्नी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नेहमीच ठिकाणावर होते, हीच या घराची अडचण होती. पूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती चिरंजिवांच्या वकिलाने लिहिली होती आणि मी चष्मा न शोधता सही केली होती.

१. दागिने आणि बँकेतील ठेवी मुलीला द्याव्यात. लग्नानंतर तिने राजकारणाचे नाव काढले नाही. एवढ्या शहाणपणाबद्दल काहीतरी मिळायला हवे.

२. साहेबांची मानपत्रे आणि फिती कापायच्या चांदीच्या एकोणीस कात्र्या चिरंजिवांना. एकीलाही धार नाही. वडिलांचा वारसा हवा, वारसा हवा म्हणून तो सहा वर्षे माझ्या मागे लागला आहे, तो हाच.

३. मागच्या खोलीतले माझे टेबल सूनबाईला. ते कशासाठी होते हे तिला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. साहेबांच्या फायली संध्याकाळी घरी येत आणि सकाळी परत जात. मधल्या वेळात त्या मी या टेबलावर वाचत असे. पटले नाही तर कोपऱ्यात पेन्सिलीने फुली. फुली असली की साहेब सही थांबवून मला विचारत. फुली नसली की डोळे झाकून सही. नंतर त्यांचा स्वीय सहायक खोडरबराने माझी खूण पुसून टाकी. बाळंतपणाच्या पगारी रजेच्या ज्या कायद्यासाठी साहेबांचा पुतळा चौकात उभा आहे, त्या फायलीवर मी अकरा वेळा फुली मारली होती, कारण कारखानदार दर खेपेला नवी पळवाट घुसवत होते. वर्तमानपत्रांत माझा उल्लेख 'हसतमुख अर्धांगिनी' असा येई.

सूनबाई, हल्ली तुझ्या नवऱ्याच्या भाषणात मला तुझी वाक्ये ऐकू येतात. टेबल घे, पण पुढच्या खोलीत मांड, आणि येत्या निवडणुकीला तूच उभी राहा. नवरा रुसेल. रुसू दे.

४. हे राहते घर, बागेसह, आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना. चिरंजिवांनी कोर्टात जाण्याचा खटाटोप करू नये. अट एकच: किल्ली हातात देण्याआधी हे कलम मावशींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे. ते काम साहेबांच्या त्याच स्वीय सहायकाने करावे. माझे लिहिलेले पुसण्यात त्याचा हात बसलेला आहे. या वेळी त्याने एक अक्षरही गाळू नये.

रजेचा कायदा झाला त्या दिवशी साहेबांनी सभागृहात सगळ्यांचे आभार मानले. ड्रायव्हरचेसुद्धा. मग प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि आमच्या घरच्या मंडळी. त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून तर मला काम करता आलं." लोक हसले. मीही हसले, तसा फोटो आहे. माझ्या अंगाची लाही झाली होती. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस मी एकही फाईल उघडली नाही. आली तशी परत धाडली. म्हटले, अडेल तेव्हा येतील झक मारत. पण त्यांचे काहीच अडले नाही. फुली नाही म्हणजे माझी हरकत नाही असे धरून त्यांनी सगळ्यांवर सह्या ठोकल्या.

त्यांत एक फाईल लहान दवाखान्यांतली बाळंतपणाची सोय बंद करण्याची होती. मी ती वाचली असती तर पहिल्याच पानावर फुली पडली असती. हुकूम निघाल्यावर मी साहेबांना तो मागे घ्यायला सांगितले. ते म्हणाले, नाचक्की होईल. मी फार ताणून धरले नाही, कारण मग फाईल न वाचता कुणी परत पाठवली हेही निघाले असते.

पाच महिन्यांनी मावशींची एकुलती एक मुलगी भर दुपारी, मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर, गाडीतच गेली. तिच्या घरापासून चार घरांवर दवाखाना होता. त्यातल्या बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होते. बाळ वाचले. ती नात याच घरात वाढली.

मावशी दोन आठवड्यांनी कामावर आल्या. मागच्या खोलीत काय चालते हे नोकरमाणसांत फक्त त्यांना माहीत होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, साहेबांनी ती फाईल तुमच्यापासून लपवली असणार. तुमच्या नजरेखालून गेली असती तर माझी पोर आज असती."

मी मान हलवली. मावशी, मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर तुम्ही साहेबांना एकदाही स्वतःच्या हाताने वाढले नाहीत. ते का, हे त्यांना मरेपर्यंत कळले नाही. माझ्या कामाचे श्रेय त्यांनी घेतले म्हणून मी जन्मभर जळले. माझा गुन्हा मात्र त्यांच्या नावावर खुशाल राहू दिला.

घर ही मेहेरबानी नव्हे, आणि याने काही फिटतही नाही. घ्यायचे की नाही ते मावशींनी ठरवावे. त्यांनी नाकारले तर सज्ञान नातीला वेगळे विचारावे.

हे तोंडावर सांगता आले असते. सव्वीस वर्षे होती. आत्ताच मावशी चहा ठेवून गेल्या. काय लिहिताय म्हणाल्या. मी म्हटले, वाटण्या. "मला काही नको हं, वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीसाठी या घरात तुम्ही एकट्याच रडलात. मला तेवढं पुरे आहे."

मी चहा प्यायले आणि पुढे लिहीत बसले.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च
सही: (स्वहस्ते)

आमच्यासमोर लिहिणारीने सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर:
साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका
साक्षीदार २: घरचे डॉक्टर. लिहिणारी पूर्ण शुद्धीत आहे, याची मी खात्री केली आहे.