चार नंबर

नागपूर, मंगळवार, १८ सप्टेंबर १९७३, संध्याकाळ

सकाळी घाटावर नोंद करणाऱ्यानं मयताचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "चार नंबर."

"नंबर नाही जी, नाव सांगा!"

काय सांगू? नऊ वर्षं हा माणूस माझ्या घरात भाड्यानं राहिला. आला तेव्हा नाव सांगितलं असेलच. पण आठ खोल्या, आठ बिऱ्हाडं, तोंडी बसला तो खोलीचा आकडाच. बाकीच्या भाडेकरूंना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी जागा कोरी ठेवली. लाज वाटली? तेव्हा नाही. आत्ता वाटते आहे.

घरच्यांना कळवायला पत्ता हवा म्हणून दुपारी त्याची ट्रंक उघडली. गावचा पत्ता कुठेच नाही. एक रेशनकार्ड निघालं. महादेव सीताराम ढोले. खाली 'द्वारा', आणि पुढे माझं पूर्ण नाव, माझ्या वडिलांच्या नावासकट. माझ्या वडिलांचं नावसुद्धा त्याला ठाऊक होतं!

कार्ड हातात असतानाच पाच नंबरच्या बाई दारात आल्या. "भाऊ, चार नंबर खाली झाली न? माह्या भावाले द्या न."

चिडायला हवं होतं. मी हो म्हणालो.

त्या गेल्यावर लक्षात आलं, भावाचं नाव विचारलंच नाही.